निरंक काकांची सर्च

तुम्ही घर घेतलंत तेव्हा उद्या त्यातून रस्ता जाणार आहे का, हे स्वतः कचेरीत जाऊन विचारलं होतंत का? की कुणा ‘आपल्या माणसानं’ मान डोलावली आणि तुम्ही पेढे वाटायला निघालात?

इंदूरच्या आमच्या ओळखीतल्या मराठी घरांना असा एक आपला माणूस होता. त्यांना सगळे निरंक काका म्हणत. एका वकिलाकडे मुन्शीगिरी करण्यात त्यांची हयात गेली होती. घर घेणाऱ्यांसाठी ‘सर्च’ करणं, म्हणजे जागा कुणाची, तिच्यावर कर्ज आहे का, पालिकेच्या नकाशात तिच्यावरून एखादी रेघ गेली आहे का याची चौकशी करणं, हा त्यांचा धंदा. इथल्या सरकारी हिंदीत ‘काही नाही’ लिहायचं असलं की ‘निरंक’ लिहितात. काका तो शब्द असा उच्चारायचे, की जणू गाभाऱ्यातून अंगारा आणून तुमच्या कपाळाला लावताहेत. “निरंक आहे. डोळे मिटून घ्या.” आणि लोक खरोखरच डोळे मिटून घ्यायचे.

काकांची चौकशी घरापासून नाही, आडनावापासून सुरू व्हायची. विकणारा कोण, त्याची बायको कुठली, मामा कुठल्या खात्यात होता. धागा जुळला की चेहरा उजळे. “अरे, ते तर आपलेच. त्यांच्या साडूच्या मुंजीत मी जेवलोय, भिया.” झाली अर्धी सर्च. पणजोबांच्या वेळेपासून इथे राहून आपण भाषा अर्धीमुर्धी गमावली, पण हा रोग मात्र जिवापाड जपला: आडनाव ओळखीचं असलं की जमीनही स्वच्छ.

उरलेली अर्धी सर्च कचेरीबाहेरच्या चहाच्या गाडीवर व्हायची. कचेरी कुठली ते सांगत नाही. एकीचं नाव घेतलं तर बाकीच्या उगाच सुटतील. एकदा मी त्यांना स्कूटरवरून सोडायला गेले होते. “काका, आत नाही जायचं?” “आत काय ठेवलंय, बेटा? सगळं इथेच येतं, चहाला.” आणि खरंच बाबू आला. काकांनी त्याच्या आईच्या गुडघ्याची विचारपूस केली, मुलीच्या परीक्षेची केली, आणि जाता जाता एक अर्ज त्याच्या खिशात सरकवला. यात ढोंग नव्हतं. त्या बाबूची आई दवाखान्यात होती तेव्हा काका तिच्यासाठी घरून डबा नेत असत. ते लबाड असते तर आम्ही सावध तरी राहिलो असतो.

माझी आत्या शाळेत गणित शिकवायची. जन्म सगळा परदेशीपुऱ्यात भाड्याच्या खोल्यांत गेला. पाहुणे किती दिवस राहणार, नळ इतका वेळ का सुरू, हे मालकिणीनं विचारायचं आणि आत्यानं हसून उत्तर द्यायचं. रिटायर झाल्यावर तिला एकच गोष्ट हवी होती: स्वतःचा ओटला, म्हणजे दारापुढचा ओटा, जिथून तिला कुणी ऊठ म्हणणार नाही. सांवेरच्या बाजूला वाढलेल्या एका वस्तीत तसं घर मिळालं. सर्च अर्थात काकांचीच. कागद आला, त्यावर लिहिलं होतं: प्रस्तावित मार्ग, जानकारी निरंक.

“काका,” मी म्हटलं, “यांना रस्ता नाही म्हणायचंय, की रस्त्याची माहिती नाही म्हणायचंय?”

काका आत्याकडे वळून हसले. “ताई, हिला सरकारी कागद वाचायला देणं बंद करा. मतलब, साध्या निरंकमध्येसुद्धा हिला साजिश दिसते.”

आत्यानंही निकाल दिला. “निरंक म्हणजे शून्य. आणि शून्य म्हणजे शून्यच गं.” रजिस्ट्री झाली.

पुढच्या उन्हाळ्यात टेप आणि लाल रंगाचा डबा घेऊन माणसं आली. त्यांनी आत्याच्या बैठकीच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत रेघ ओढली. रेघेच्या पुढचं सगळं रस्त्याचं, बैठकही आणि ओटलाही. हा रस्ता नकाशात आधीपासून होता. फक्त तो नकाशा त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, दुसऱ्या शाखेत होता. काकांच्या बाबूच्या शाखेत तो नव्हता, म्हणून त्या शाखेतल्यांनी प्रामाणिकपणे लिहून दिलं, की आमच्याकडे माहिती निरंक. शून्य रस्ता नव्हता, शून्य त्यांचं ज्ञान होतं. असं ज्ञान शिक्का मारून देणाऱ्या कचेरीला मी काय म्हणावं, ते छापण्यासारखं नाही.

त्या दिवशी काका पहिल्यांदा कचेरीत शिरले. आत्या आणि मी मागे होतो. दारातच थबकून त्यांनी शिपायाला विचारलं, “भिया, जीना किधर है?” हयातभर ज्या कचेरीच्या नावानं लोकांना आशीर्वाद दिले, तिचा जिना कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. वर त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. “अंकल, लाइन में आइए,” टेबलामागची मुलगी म्हणाली. काका मुकाट रांगेत उभे राहिले. पाळी आल्यावर तिनं नकाशा उलगडला आणि पेन्सिलीचं टोक ठेवलं. “ये तो कब का है. पूछा नहीं था किसी ने?”



तोडायच्या दिवशी ते सकाळीच आले. आत्याचं शिलाई मशीन, भांडी, भिंतीवरचं घड्याळ, सगळं धापा टाकत मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. मग घाम पुसत म्हणाले, “ताई, मी विचारलं होतं हो.”

“कुणाला, भाऊ?” आत्यानं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. मला आजही त्याचाच राग येतो.

आत्या आता मागच्या खोलीत राहते. दार उघडलं की थेट ट्रक. भरपाई मिळेल म्हणतात. म्हणणाऱ्यांची शाखाही वेगळीच असेल.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या शोकसभेत प्रत्येक जण म्हणाला, किती भला माणूस. मीही म्हटलं, कारण ते खरं होतं. माझा खोकला फोनवर ऐकून काढ्याचं सामान घेऊन येणारं आता कुणी उरलेलं नाही. पण माणूस भला असला म्हणून चौकशी पुरी होत नाही, आणि हे त्या सभेत कुणालाच ऐकायचं नव्हतं. चपला शोधता शोधता एक गृहस्थ दुसऱ्याला विचारत होते, “आता सर्चचं कोणाला सांगायचं?” दुसऱ्यांनी लगेच उत्तर दिलं, “त्यांचा पुतण्या आहे ना. आपलाच आहे.”

आत्याच्या शेजारचं घर सध्या विकायला काढलंय; तोडफोड अजून तिथवर पोचलेली नाही. लाल रेघेवर ताजा डिस्टेंपर मारलाय, आणि रविवारी जोडपी येऊन भिंतींचं कौतुक करून जातात. तुम्ही त्यांच्यापैकी असाल, किंवा दुसऱ्या कुठल्या गल्लीत असंच रंगवलेलं घर बघत असाल, तर बयाणा देण्याआधी दोन कामं करा. कचेरीचा जिना स्वतः चढा, प्रत्येक शाखेत विचारा, आणि रस्ता आहे की नाही, हे एका शब्दात लिहून सहीनिशी मागा. आणि शेजारचं दार वाजवा. आत्या दुपारी झोपत नाही. ती तुम्हाला आत बोलावेल, भिंत कुठवर होती ते दाखवेल. संकोच करू नका, वाजवा.