जावईबापू, गाडीपाशी थांबा

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. पाहुणे येतात, दुपारी दंडारीची नाचगाणी होतात, संध्याकाळी नाटक, आणि घराघरात मटण शिजतं. आमच्या गावच्या मंडईत अलीकडे आणखी एक कार्यक्रम वाढलाय: शेजारच्या गावाविरुद्ध कॉम्प्युटरवरच्या लढाईचा सामना. मी गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग शिकवते. मंडईला क्लास बंद असतो, त्यामुळे सामना तिथेच होतो आणि प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवला जातो. बघायला निम्मं गाव येतं. त्यातल्या निम्म्यांना काय चाललंय ते कळत नाही, पण सल्ला सगळेच देतात.

खेळ सोपा आहे. पाच जणांविरुद्ध पाच जण. प्रत्येकाने आपला योद्धा निवडायचा: कुणी ढालवाला, कुणी बंदूकवाला, कुणी जखमींना बरं करणारा. आमच्या नकाशावर एक गाडी असते, ती डोंगरातल्या गल्ल्यांमधून शेवटच्या फाटकापर्यंत न्यायची. आपला माणूस जवळ उभा असेल तरच ती चालते, नाहीतर जागची हलत नाही. कुणी किती शत्रू मारले याला इथे काडीची किंमत नाही.

हे आमच्या पोरांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. सामना सुरू झाला की चौघे चार दिशांना शिकारीला जायचे आणि गाडी रस्त्यात उभी. दरवर्षी हरायचो. हरल्यावर कारणही ठरलेलं असायचं, मलमपट्टीवाली कमी पडली. मलमपट्टीवाली म्हणजे मी. मुलगी आहे म्हणून ते काम पहिल्या दिवसापासून माझ्या गळ्यात. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

यंदा मी चुलतभावाला गाठलं. तो आमचा कप्तान. का, ते कुणालाच ठाऊक नाही.

"या वर्षी प्लॅन माझा," मी म्हटलं. "जिंकलो तं पुढच्या मंडईपासून कप्तान मी."

"अन् हारलो तं?"

"तं जनमभर मलमपट्टी करीन. एक शब्द बोलाची नाही."

"तू बोलाची नाही? मंग तं हारलो तरी फायदाच हाये." त्याने लगेच कबूल केलं.

मी क्लासच्या फळ्यावर नकाशा काढला. पहिल्या वळणावर उजव्या हाताला उंच कट्टा आहे. एका बंदूकवाल्याने तिथे चढायचं आणि काहीही झालं तरी खाली उतरायचं नाही. पुढे मधलं फाटक लागतं. त्याच्या पलीकडे मोकळं अंगण दिसतं आणि शत्रू तिथे मुद्दाम हिंडून दाखवतो. आमचे वीर त्याला बघून धावत सुटायचे आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून टिपले जायचे. म्हणून फाटकाच्या अलीकडे गाडी धरून ठेवायची, दोघांनी डावीकडच्या जिन्याने वर जाऊन खिडक्या रिकाम्या करायच्या, मगच गाडी आत घ्यायची. शिवाय खेळता खेळता प्रत्येकाची एक मोठी ताकद साठत जाते, ती दिसेल त्याच्यावर उधळायची नाही, शेवटच्या वळणासाठी राखायची. पोरांनी कुरकुरत सराव केला. आश्चर्य म्हणजे जमायलाही लागलं.

आणि मंडईच्या सकाळी गोंदियाहून जावईबापू आले. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. सोबत ताई आणि तिचं लेकरू.

चहा पिता पिता म्हणाले, "हम भी खेलेंगे." झालं! कट्टा सांभाळायचा सराव केलेल्या पोराला अख्ख्या घराने मिळून बाहेर काढलं. त्याची समजूत आईने दोन लाडू देऊन घातली. मंडईला आलेल्या जावयाला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. लढाईतसुद्धा नाही.

मी त्यांना फळ्यापाशी नेऊन सगळं समजावलं. ते फळ्याकडे कमी आणि मोबाइलकडे जास्त बघत होते. "सालीजी, टेंशन मत लो. सबको अकेला देख लूंगा."

सामना सुरू झाला. कट्ट्यावर ते जेमतेम दोन श्वास टिकले असतील. खाली शत्रू दिसला आणि मारली उडी. आमचा कप्तान, जो एरवी आमच्यावर गुरासारखा ओरडतो, त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "बापू, जमलं तं थोडं मागं या ना जी." तिकडे शत्रू बापूंना भाजून काढत होता आणि इकडे आमचा कप्तान विनंती अर्ज करत होता. पहिलं वळण माझं त्यांच्यामागे मलम घेऊन धावण्यातच गेलं. गाडी कशीबशी पुढे सरकली.

मधलं फाटक आलं. अंगणात शत्रूचा एक जण नाचून दाखवत होता. जावईबापू धावले. प्लॅनप्रमाणे दोघे जिन्याने वर गेले होते, गाडीपाशी ढाल घेऊन चुलतभाऊ आणि मी. तो मार खात होता, मी त्याला उभं ठेवत होते. अंगणात बापूंचा जीव संपत आला, भिंतीवर ते सगळ्यांना भलंमोठं दिसत होतं.

पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला, "अवो पोरी, जावईबापूकडं पाह्य! पडून राहिले ना ते!"

मावशी, काकू, शेजारणी, सगळ्या ओरडायला लागल्या. मी गेले तर भाऊ पडणार, गाडी थांबणार आणि माझा प्लॅन फळ्यावरच राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी जागची हलले नाही. जावईबापू अख्ख्या गावासमोर आडवे झाले. नवा जीव घेऊन परत आले, पुन्हा धावले, पुन्हा आडवे झाले. तोवर वरच्या दोघांनी खिडक्या रिकाम्या केल्या, गाडी फाटकातून आत गेली, शेवटच्या वळणावर आम्ही राखलेल्या ताकदी सोडल्या आणि गाडी पोचली.

जिंकलो! मला इतका आनंद झाला की रडूच आलं.

कप जावईबापूंच्या हातात दिला, पाहुणे म्हणून. वर शाल आणि नारळ. त्यांनी शत्रूला अंगणात गुंतवून ठेवलं म्हणून आपण जिंकलो, असं कुणीतरी माइकवर सांगितलं. त्यात थोडं तथ्य होतं, याचाच मला जास्त संताप आला.

घरी आई वाट बघत होती. "भर गावात जावयाले मरू देल्लंस वो तू!"

"आई, खेळात मेले ते."

"मेले तं मेले ना! लोकाईनं पाह्यलं."

शिक्षा म्हणून जावईबापूंना जेवण वाढायचं काम माझ्याकडे आलं. ते रुसले होते, पण रस्सा मात्र पुन्हा पुन्हा मागून घेत होते. चुलतभाऊ दारातूनच म्हणाला, "पुढच्या साली कप्तान तू, बोललो तं बोललो. पण जावई आले तं त्याईले तूच सांगजो, माह्याच्यानं नाही होत."

जेवणं झाल्यावर ताई आणि मी मागच्या अंगणात भांडी घासायला बसलो. सामन्यात ती लेकराला मांडीवर घेऊन मागे बसली होती. ती काही ओरडली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं.

"थे गाडी," ती म्हणाली, "कोणी जवळ नाही राहिलं तं चालतच नाही?"

"नाही."

"अन् जो तिच्यापाशी राहते, त्याचं नाव नाही होत."

"नाही होत."

तिने पातेल्याला राख लावली. "मंग तं मले हा खेळ येते."

आतून जावईबापूंची हाक आली. "पानी लाना जरा!" सवयीने मीच उठायला लागले. ताईने राखेच्या हाताने माझं मनगट धरलं.

"बस. गाडीपाशी थांब."

पुन्हा हाक आली, या वेळी जरा मोठ्याने. आम्ही भांडी घासत राहिलो. थोड्या वेळाने आत माठावरचं झाकण वाजलं.