मुरबाडच्या डब्याचं दार

लावणीला वाकलं की हात गुंततात, पाय चिखलात रुततात, तोंड मात्र रिकामंच राहतं. त्या रिकाम्या तोंडात किस्से साठतात. दरवर्षी रोप संपतं, किस्से उरतात. ह्या दोन वर्षांत तर एवढे उरलेत की आता बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नाय.

मी भागाबाय. किन्हवलीच्या पुढं आमचा पाडा. शाळा चौथीपर्यंत, ती पण मास्तरांना चिडवण्यात गेली. तर लिहिण्यात चुका सापडल्या तर त्या मास्तरांच्या.

*

आमच्याकडं लावणी सावडीनं होते. आज सगळ्या माझ्या शेतात, उद्या सगळ्या तुझ्या. कोणाचा नंबर कधी, ते आधी बांधावरून हाक मारून ठरायचं. मंग घरोघरी फोन आले आन त्या मोठ्या ॲपवर आमचा ग्रुप झाला.

गेल्या वर्षी सुमनचा नंबर होता. सुमन एकटी. नवरा वारला, पोरगी कल्याणला दिली. वरच्या अंगाला एक खाचर, तेवढंच तिचं. तिला लिहिता येत नाय, म्हणून मीच टाकलं, "उद्या सुमनच्या खाचरात."

सकाळी खाचरात दोघीच. सुमन आन मी. तिनं वीस जणींच्या भाकऱ्या भाजल्या होत्या. दुपार झाली तरी माणसं दोन आन भाकऱ्या तेवढ्याच.

तीन दिवसांनी एकोणीस बाया पदर खोचून शेतावर हजर. काय तर म्हणे, काल रात्री फोनवर दिसलं, उद्या या म्हणून. ते ॲप आपल्या मनानं ठरवतं, कोणाला काय आधी दाखवायचं. आधी नाचणारा बोकड दाखवला, मंग साबणाची जाहिरात, मंग सुमनचं शेत.

तोवर उपटून ठेवलेलं रोप पिवळं पडलेलं. अर्धं खाचर तसंच राहिलं.

सुमनचा दीर बोलला. पुढच्या वर्षी पण असंच होणार असेल तर खाचर मी करतो, तू पोरीकडं जाऊन राहा. सुमन एवढंच बोलली, "पुढच्या वर्षी बघू."

*

निशा आमच्या शेजारची सून. शहापूरला कॉम्प्युटर शिकली, तिकडंच एका दुकानात कामाला जाते. ती बोलली, त्या ॲपवरून आपुन सगळ्यांनी उठायचं आन आपला स्वतःचा डबा ठेवायचा.

डबा म्हणजे एक जुना कॉम्प्युटर. निशा त्याला सर्व्हर बोलते. आमचं सगळं बोलणं त्यात राहणार. जसं लिहिलं तसंच दिसणार, एकीच्या मागं एक, कोणाचं पुढं नाय, कोणाचं मागं नाय. जाहिरात नाय, बोकड पण नाय. दुसऱ्या गावात असाच डबा असला तर दोन डबे एकमेकांशी बोलतात, पण कारभार ज्याचा त्याचा.

समाजमंदिरात मीटिंग झाली. मी विचारलं, "मालक कोण याचा?"

"कोणीच नाय, आजी. आपुनच सगळ्या."

"मंग शिव्या कोणाला द्यायच्या?"

निशानं जरा विचार केला. "मला द्या."

तेव्हा कुठं बायांचा विश्वास बसला.

*

खातं उघडायचं तर पासवर्ड लागतो. निशानं फळ्यावर उदाहरण लिहून दाखवलं, केळफूल आन पुढं एक दोन तीन. बोलली, असा कायतरी घ्या.

सगळ्यांनी तोच घेतला. शिकलेल्या बाईनं लिहिलाय म्हणजे चांगलाच असणार. मी पण तोच घेतला. फरक एवढाच की सगळ्यांचा एकच हाय, हे फक्त माझ्या ध्यानात आलं.

आमची विमल इकडं यायलाच तयार नव्हती. मोठ्या ॲपवर रोज नव्या साडीतला फोटो टाकायची, तिकडं तिची तीन हजार माणसं. नवऱ्यानं सुद्धा कधी एवढं बघितलं नाय, एवढं ती माणसं बघतात, असं ती बोलायची. शेवटी रुसत रुसत आली. पहिलाच फोटो टाकला तर खाली तिच्या जावेनं लिहिलं, "साडी धुऊन दे."

मला तिची दया आली. केळफूल एक दोन तीन करून मी तिच्या खात्यात शिरले आन लिहिलं, "उद्या सकाळी माझ्याकडं सगळ्यांना चहा-भजी."

सकाळी अख्खा पाडा विमलच्या ओट्यावर. विमल दारात उभी. एकदा आमच्याकडं बघितलं, एकदा फोनकडं. मंग आत जाऊन मोठं पातेलं चढवलं. बोलली, "मीच लिहिलंय की. विसरलेच होते बघा."

भजी तळता तळता हळूच माझ्याजवळ बोलली, "त्या तीन हजारांतला एक पण कधी चहाला आला नाय गो."

तिला मी अजून सांगितलं नाय. आता कळेल.

*

डबा निशाच्या घरात, भाताच्या कणगीवर ठेवलेला. दिवसरात्र चालू, म्हणून अंगानं गरम.

एक दिवस सकाळीच कोणाचं काय दिसेना. निशा कामावर गेलेली. तिनं तिकडून सासूला फोन लावला, बघा जरा डबा बंद पडला का. सासू बोलली, बंद कशाला पडेल, मीच वायर काढली. कोंबडी खुडूक झालीय, डब्यावर अंडी उबवायला बसवलीय, आन आतल्या पंख्याच्या घरघरीनं ती उठून उठून पळते.

निशा फोनवर हात जोडायला लागली. सासू ऐकेना. एकवीस दिवस थांबा बोलली, पिल्लं निघाली की लावते वायर.

निशा हुशार. ती बोलली, "आई, वायर काढली की डबा गार पडतो. अंडी पण गार पडतील."

दुसऱ्या मिनिटाला डबा चालू! बारातल्या अकरा अंड्यांतून पिल्लं निघाली. आता लाईट गेली की पहिल्यांदा सासूच ओरडते, डबा बंद पडला, डबा बंद पडला. पाड्यातल्या बायांना वाटतं, म्हातारीला ग्रुपची केवढी काळजी.

*

मुरबाडकडच्या एका गावात पण असाच डबा होता. त्याची कारभारीण सरलाताई, अंगणवाडीतून रिटायर झालेली. फुलाचे फोटो पाठवायचे नाहीत, ऐकीव गोष्ट पुढं ढकलायची नाही, असे तिचे कायदे. आमचे दोन डबे जोडले गेले आन सावड पण एक झाली. आधी आमी तिकडं जाऊन लावणी करायची, मंग त्यांनी इकडं यायचं.

त्याच गावात आमच्या छायाचं माहेर. निशानं सगळ्यांना सांगितलं होतं, एका डब्यातलं खातं उचलून दुसऱ्या डब्यात नेता येतं, आपली माणसं आपल्या मागं येतात. छायाचं सासूशी कालवणातल्या मिठावरून वाजलं. छाया घरातच राहिली, पण खातं उचलून माहेरच्या डब्यात नेलं.

सासू माझ्याकडं आली. बोलली, "सून माहेरी गेली असं सगळ्या बोलतात. आन ही तर चुलीपाशी बसलीय."

मी समजावलं, बाई इकडं, खातं तिकडं.

"मंग आणायचं कसं?"

मी तोंड सरळ ठेवून सांगितलं, सून आणतात तसंच. नवऱ्यानं जायचं, मिठाई घेऊन.

दुसऱ्या दिवशी छायाचा नवरा एक किलो जिलेबी घेऊन एसटीत. जेवणाचा डबा भरून दिला छायानंच, कुठं चाललाय ते माहीत नसताना. तिकडं सासरा घाबरला.

"छाया कुठंय?"

"घरी हाय."

"मंग तुमी कसे आलात?"

"न्यायला."

त्यांनी आधी जावयाच्या कपाळाला हात लावून ताप बघितला, मंग कोंबडं कापलं. जेवून तो सरलाताईकडं गेला. ती बोलली, खातं तिच्या मर्जीनं आलंय, जाईल तेही तिच्या मर्जीनं.

लग्नाला पाच वर्षं झाली, हा माणूस बोलावल्याशिवाय सासरवाडीला गेला नव्हता. छायाला हे कळलं. खातं तिनं अजून तिकडंच ठेवलंय. तो दर महिन्याला न्यायला जातो.

*

आता ह्यात माझी चूक हाय, ते आधीच सांगते.

नातीचा एक कापडी बिबट्या हाय, चांगला मांजराएवढा. ह्या वर्षी लावणी रंगात आलेली, मला काय सुचलं कोण जाणे, तो मी करवंदीच्या जाळीत बसवला, फोटो काढला आन लिहिलं, "ओढ्यापाशी बसलाय. जपून."

आमच्या पाड्यात सगळ्यांनी ओळखला. त्याचा फाटलेला कान मीच लाल दोऱ्यानं शिवलाय. दिवसभर हसल्या.

पण डबे जोडलेले. फोटो मुरबाडकडं गेला. तिकडं कोणाला कान माहीत? दुसऱ्या दिवशी तिकडची एक पण बाई शेतात उतरली नाय. भर लावणीतला अख्खा दिवस गेला.

फोटोत कानाचा लाल दोरा दिसून खरं कळलं, तसं सरलाताईनं दार लावून टाकलं. माझ्या एकटीवर नाय, अख्ख्या डब्यावर. आमचं लिहिलेलं तिकडं दिसेना, तिकडचं इकडं येईना.

आन पुढचा नंबर सुमनचा होता.

आमच्याकडच्या निम्म्याहून जास्ती बाया ह्या वर्षी कंपनीत कामाला लागल्या. उरलो आमी सात जणी. आमी मुरबाडला लावणी करून आलो होतो ती ह्याच भरवशावर, की सुमनच्या खाचराला त्या येतील. त्यांना डब्यातून निरोपच जाईना. सुमनचं रोप जून होऊन कांडं धरायला लागलं. अजून चार दिवस गेले की लावून उपयोग नाय. दीर हात मागं बांधून रोज बांधावर चक्कर मारायला लागला.

मी सुमनकडं गेले. बोलले, माझ्यामुळं झालं गो. ती रोपाकडं बघत बोलली, "कान तरी नीट शिवायचास."

मी सरलाताईला फोन केला. ती बोलली, दार मी एकटीनं लावलेलं नाही, सगळ्या बायकांचं ठरलंय. मंग बोलली, "भागाबाई, खोटं सगळ्यांसमोर बोललात. आता खरंही सगळ्यांसमोर बोला. माझ्या कानात नको."

सगळ्यांसमोर बोलणार कसं? दार बंद. छायाचं खातं तिकडं होतं, पण खरं बोलायला पण दुसरीच्याच खात्यात शिरायचं तर ते खरं कसलं? निशानं सांगितलं, एकच रस्ता हाय, त्यांच्या डब्यात नवीन खातं मागायचं. त्याचा अर्ज असतो. तो तिकडच्या बाया एकत्र बसून वाचतात आन मंग ठरवतात.

अर्जात एकच प्रश्न होता, तुम्हाला इथं का यायचं आहे? निशा बोलली, मी लिहून देते चांगल्या भाषेत. मी नको बोलले. एका बोटानं एकेक अक्षर दाबत बसले, दुपारची संध्याकाळ झाली. लिहिलं ते असं:

"बिबट्या कापडाचा होता. मी मुद्दाम केलं. तुमचा दिवस गेला. मला नाय घेतलं तरी चालेल. पण सुमनचं रोप जून होतंय. तिनं कोणाला फसवलं नाय. तिला लिहिता येत नाय म्हणून तिचं मी लिहिते. परवा सकाळी तिच्या खाचरात या."

उत्तर आलं नाय. दुसरा दिवस गेला, तरी नाय.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमी सात जणी आन सुमन खाचरात उतरलो. दीर बांधावर आधीच येऊन उभा. आठ जणींनी काय होणार ते त्याला दिसत होतं, आमाला पण. सुमननं भाकऱ्या किती भाजल्या ते मी विचारलं नाय.

नऊच्या सुमाराला खाली रस्त्याला टेम्पो थांबला. सरलाताई पहिली उतरली, चपला हातात, तिच्या मागं तेवीस जणी. कोणी राम राम नाय, कोणी काय नाय. सरळ चिखलात. सरलाताईनं मला दंडाला धरून त्यांच्या दोन दांडग्या बायांच्या मधी उभं केलं.

दिवसभर बिबट्याचं नाव कोणी काढलं नाय. मी विमलच्या चहाचा किस्सा सांगितला, केळफूल वगळून, कोणी हसलं नाय. कोंबडीचा सांगितला, नाय. छायाच्या नवऱ्याचा सांगितला, तर छायाच्या माहेरची चुलती शेजारीच वाकलेली, ती पण गप्प. साठ वर्षं लावणी करते मी, एवढी कमरेची वाट कधी लागली नव्हती.

चार वाजता वरचं खाचर पुरं झालं. दीर बघायला बांधावरून आत पाय टाकत होता. सुमननं मान वर केली.

"भावोजी, मागं व्हा. रोप तुडवाल."

तो मागं झाला.

टेम्पो गेला. घरी येऊन हातपाय धुतले, चहा ठेवला, फोन बघितला. मुरबाडच्या डब्याचं उत्तर आलं होतं.

अर्ज नामंजूर.