काचेच्या पेटीतली बाळंतीण

चाळीसगावच्या रेल्वे क्वार्टरात राहत होतो, तेव्हा बदली होऊन जाणाऱ्या साहेबाने आमच्या ह्यांच्या गळ्यात एक मोठी काचेची पेटी मारली. आत कोकणातल्या खाडीतल्या कालुंदर माशांची जोडी आणि गिरणा नदीतले मिशीवाले मासे. पाणी बदलायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मला सातवा महिना होता. आधीचं मूल बारसं होण्याआधीच गेलेलं. या खेपेला तरी पोर हाती लागावं, एवढंच मागणं होतं. बादल्या उचलून कंबर मोडायची, पण सांगायचं कोणाला?

कालुंदरीने पेटीतल्या कौलावर अंडी घातली. पिल्लं सुटली, तशी ती जोडी त्यांच्याभोवती पहारा देऊ लागली. मिशीवाला जवळ आला की एक जण त्याला हुसकायचा, दुसरा पिल्लांपाशी थांबायचा. सासूबाईंच्या लेखी बाळंतपण ते बाळंतपण, मग ते माशाचं का असेना. त्यांनी पेटीला आडोसा म्हणून जुनं लुगडं बांधलं आणि यातला नर कोणता, असं विचारलं. ह्यांनी मोठ्या कालुंदराकडे बोट दाखवलं.

"बायतीनना खोलीमा माणूस कसाले?" सासूबाई म्हणाल्या. बाळंतिणीपाशी पुरुषाला मज्जाव, हा त्यांचा नियम.

आईपुढे ह्यांचं कधी चाललं नाही. नराची रवानगी रांजणात झाली. दुसऱ्या दिवशी लुगडं बाजूला केलं, तर निम्मी पिल्लंही उरली नव्हती. मादी एका मिशीवाल्यामागे धावायची, तोवर दुसरा येऊन पिल्लं मटकावायचा. तिची ती धावपळ मला बघवेना. मी तिथेच बसून रडले. मागच्या खेपेला भर दुपारी बाळ तापाने फणफणलं होतं. सासूबाई दमून झोपल्या होत्या आणि माझ्यात हाक मारायचंही बळ नव्हतं. हे भिंतीपलीकडेच होते, बाळाचं रडणं त्यांना ऐकू येत होतं. बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, म्हणून त्यांनी टाकलं नव्हतं. त्याचा राग मी इतके महिने गिळून बसले होते.

मिशीवाले काढा आणि नराला परत सोडा, असं मी ह्यांना सांगितलं. त्यांनी मुकाट्याने तसं केलं. नर थेट पिल्लांपाशी गेला. उरलेली पिल्लं जगली.

"या खेपेला तुम्ही आत बसा," मी म्हटलं. ते पेटीकडे बघत राहिले.

मुलगी झाली. सुईण गेल्यावर हे खोलीत आले आणि माझ्या खाटेशी जमिनीवर बसले. सासूबाई दारातून बरंच बोलल्या, विटाळाचं, लोकांच्या तोंडाचं. मला तर वाद घालायचंही त्राण नव्हतं.

"मी आठेच बसस, माय," हे जागचे न हलता म्हणाले.

मी बाळ त्यांच्या मांडीवर दिलं आणि झोपले.