रिकामी सतरंजी
हे सांगायचं मी आजवर टाळलं. पण काल शेजारी भिंतीला चुना देत होते, त्या वासाने मी शिकवायचो ती लोहा गावातली शाळा आठवली. शिक्षण आयोगाची मंडळी पाहणीला येणार म्हणून तिथेही चुना दिला होता. माझ्या वर्गातली पोरं कापूस वेचायला गेलेली, म्हणून मी शेजारच्या उर्दू वर्गातली पोरं आणून माझ्याकडे बसवली. त्यांचे म्हातारे मास्तर हसले, "घेऊन जा गुरुजी, पण साहेब इकडं यायच्या आत परत पाठवा. न्हाई तर म्हणतील, मी भिंतीला शिकवून राहिलो." साहेबांनी मला शाबासकी दिली आणि उठून थेट तिकडे गेले. रिकामी सतरंजी पाहून म्हणाले, "इथं कुणीच शिकत नाही?" मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. माझी लबाडी उघडी पडेल म्हणून मी गप्प राहिलो. जूनमध्ये तो वर्ग बंद झाला, मास्तर घरी बसले. फार वर्षांनी माफी मागायला गेलो, तेव्हा ते खाटेवर होते. "ऐकू येत न्हाई त्यांना, जोरात बोला," सून म्हणाली. ओट्यावर चार माणसं बसली होती. मी जोरात विचारलं, "मास्तर, जेवण झालं का?"