पहिल्या नंबराची तार

समस्त ग्रामस्थांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ज्या वीज कार्यालयाचा सगळ्यांत पहिला नंबर आला होता, ते आमचंच. हसू नका, पुढं ऐका.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हुलसूरच्या अलीकडं आमचं गाव. मला बघायला येणारा मुलगा त्याच कार्यालयात नुकताच इंजिनिअर म्हणून रुजू झालेला. त्याच्या आईची एकच अट होती: कंदिलाच्या गावातली सून नको. आणि होळीच्या वादळात खांब पडल्यापासून आमचं अख्खं गाव कंदिलावर!

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, पाहुण्यांना मुद्दाम भर दुपारी बोलावलं, कंदील कडब्याच्या गंजीत दडवले आणि माजघरातला बल्ब पुसून लखलखीत केला.

मी चुरमुऱ्यांचा सुसला घेऊन अंधाऱ्या माजघरात आले, तेव्हा मुलाचे वडील रंगात आले होते. "सगळ्या कार्यालयांची तुलना झाली. कुणाची किती वीज वाया जाते, किती तक्रारी येतात. आमच्या पोराचं हापिस पहिलं! तुमच्या गावातून तर उन्हाळाभर एक तक्रार न्हाई!"

अप्पांना ठसका लागला. तक्रार द्यायची तर बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट. माणसं होळीनंतर लगेच गेली, पण उन्हाळा लागताच कंटाळली. आणि जी वीज आलीच नाही, ती वाया जाणार कशी?

"बल्ब लावा की, पोरीचं तोंड दिसंना," मुलाची आई म्हणाली.

अप्पांनी बटण दाबलं. अंधार तसाच. "बल्ब गेला वाटतं..."

"थांबा, मी बघतो," म्हणत मुलगा उत्साहानं परसात गेला. आणि किंचाळलाच, "हात लावू नका!"

आम्ही सगळे धावलो. विजेची तार छातीपर्यंत लोंबत होती. तिच्यावर अप्पांची धोतरं वाळत होती आणि माझी आत्या ओलं लुगडं टाकत होती. मुलगा त्या धोतरांहून पांढरा पडला. त्याच्या आईनं त्याला मागं ओढलं.

"वरडायलाव कामून, पाव्हणं?" आत्या म्हणाली. "होळीपासून हितंच वाळू घालायलोत. वीज सोडणार असाल तर आदी सांगा, धुणं काढून घेते."

सोयरीक मोडली, असं समजून आईनं डोळे मिटून घेतले. मुलाच्या वडिलांनी तारेकडं पाहिलं, मग कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून शेजारच्या भिंतीकडं पाहिलं, आणि दबक्या आवाजात म्हणाले,

"व्याही, आत्ताच्या आत्ता सुपारी फोडा! ही गोष्ट घरातच राह्यली पायजे!"