बालटी घेऊन यवतमाळास

फुलसावंगीहून सकाळची मोटार निघाली तेव्हा माझ्या मांडीवर एक लोखंडी बालटी (बादली) होती. बालटीत वेटोळं केलेला दोर आणि दोरावर भाकरीचं गाठोडं. यवतमाळच्या एका शाळेत मास्तरीण म्हणून माझी नेमणूक झाली होती. शाळा उघडायला दोन आठवडे उरले होते आणि मी राहायला खोली पाहायला निघाले होते. खोली पाहायला जाणारी माणसं पिशवी नेतात, फार तर छत्री नेतात. बालटी नेणारी मी पहिलीच असेन आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नव्हतं.

कंडक्टरला मात्र राहवेना. "बाई, यवतमाळले बालट्या भेटत नाई काय?"

"भेटते ना. पण हे माह्या मायची हाये."

"मंग मायलेच काहून नाई आणलं?"

"तिनंच बालटीले पुढं धाडलं," मी म्हटलं.

तो हसत पुढच्या बाकाकडे सरकला. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मी अगदी खरं तेच सांगत होते.

आमच्या बौद्ध दीक्षेला तेव्हा चार वर्षं झाली होती. त्याआधी माय गावविहिरीच्या ओट्याच्या पायथ्याशी रिकामी घागर घेऊन उभी राहायची. कुणाला दया आली की तो वरून ओतायचा. एकदा तिची चुंबळ वाऱ्यानं उडून विहिरीत पडली, तर गावानं सगळी विहीर उपसून काढली होती आणि ते सगळं माय लांब उभी राहून पाहत होती. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यावर तिनं पहिली खरेदी केली ती या बालटीची. पुढं वस्तीनं आपली विहीर खोदली तेव्हा तिच्यात पहिली बालटी गेली ती हीच.

माझ्या नोकरीचा कागद आला तेव्हा माय म्हणाली, "येतो मी शहरात. पण जिथं माही बालटी विहिरीत जाईन तिथंच राह्यतो. वरून ओतलेलं पाणी आता ह्या जन्मात नाई." वडील नव्हते, भाऊ नव्हता. एकट्या पोरीला खोली कोण देणार आणि दिली तरी गाव काय म्हणणार? म्हणजे माय आली तर नोकरी, नाही तर नाही. तेव्हा मी माझ्यापुरता एक नियम करून टाकला. जिथं जायचं तिथं आधी आपण कोण ते सांगायचं, मग विहिरीतून एक बालटी पाणी काढायचं आणि खोली त्यानंतर पाहायची.

महागाव गेलं. उन्हाळ्यानं रानं भाजून निघाली होती. पऱ्हाटी (कपाशी) उपटलेली काळी वावरं दोन्ही बाजूंना उघडी पडली होती. आर्णीला मोटार थांबली तेव्हा मी एक आलुबोंडा (बटाटेवडा) घेतला. तो इतका तिखट होता की शेजारच्या म्हातारीनं न मागता आपला तांब्या माझ्यापुढे केला. पुढं चढ लागला, निष्पर्ण साग दिसू लागले आणि दुपारच्या आत यवतमाळ आलं.

स्टँडवर देवरावमामा उभा होता. हा मायचा धाकटा भाऊ, जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात) कापसाच्या जड गठाणी उचलायचा. बालटी पाहून त्यानं कपाळावर हात मारला. "माही बहीण काही सुधरत नाई!" म्हणाला आणि लगेच ती माझ्या हातातून घेऊन मोठ्या ऐटीत पुढं चालू लागला.

पहिली खोली त्यानं दाखवली ती बाजाराजवळची. खोल्या एकाला दोन, अंगणात फरशी, सावलीला कडुनिंब. मालक पेन्शनीत निघालेले, मऊ आवाजाचे गृहस्थ. मी आमचं नाव, गाव आणि धर्म सांगितला. ते म्हणाले, "छे छे, आमच्याकडे असलं काही मानत नाहीत." मला बरं वाटलं. मी बालटी घेऊन विहिरीकडे वळले, तर ते माझ्याआधी तिथं जाऊन उभे. हात गडगडीवर (दोर ओढायच्या चाकावर).

"अहो, तुम्ही कशाला? आमची बाई सकाळ-संध्याकाळ दोन-दोन घागरी तुमच्या दारात ओतून जाईल. तुम्हाला तसदी नको."

"मला तसदी हवीच आहे," मी म्हटलं.

ते हसले. मीही हसले. त्यांचा हात काही गडगडीवरून हलला नाही. मला असा राग आला की त्यांनी शिवी दिली असती तर कमी आला असता. घर सुंदर होतं, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

"गोड बोलून वरूनच ओतलं लेकाच्यानं," रस्त्यावर आल्यावर मामा म्हणाला.

जेवायला मामाच्या घरी गेलो. मामीनं ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि खारातली मिरची वाढली. आर्णीच्या आलुबोंड्यापुढं ती मिरची मवाळ वाटली. त्या दोन खोल्यांत नऊ माणसं राहत होती, तरी मामी म्हणत होती, "इथंच राह्य ना, पोरी. आपल्या माणसात कोणाचं ऐकून घ्याची पाळी नाई." तिचं काही चुकत नव्हतं. तिथं मला एका शब्दानंही कुणी दुखावलं नसतं. पण वस्तीत रिकामी खोली नव्हती, शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला लोहाऱ्याच्या वाटेवर होती आणि मायचे गुडघे दुखरे. शिवाय मला राहायची जागा निवडायची होती. दुसऱ्यांनी आधीच निवडून ठेवलेल्या जागी मुकाट्यानं जायचं नव्हतं. मी मामीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "तू अगदी मायवर गेली," आणि आणखी एक भाकर वाढली.

ऊन उतरल्यावर आम्ही लोहाऱ्याच्या वाटेवरच्या एका आळीत गेलो. मामाच्या जिनिंगच्या मागची आळी ती. भिंतींवर, कवेलूंवर (छपराच्या कौलांवर), झाडांवर कापसाचे तंतू बसलेले. राहणारे सगळे हातावर पोट असणारे, शिंपी, गाडीवान, हमाल. मधोमध विहीर आणि विहिरीवर पाच-सहा बाया. ज्यांच्या खोल्या होत्या त्या तुळसाबाई ओट्यावर बसून तूर निवडत होत्या. अंगानं जाड, आवाजानं त्याहून जाड.

"आम्ही फुलसावंगीचे. बौद्ध हावो. मी इथल्या शाळेत मास्तरीण होऊन राह्यली. माही माय अन् मी, दोघीच," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "खोली मांगून पाहतो. आधी पाणी काढतो."

तुळसाबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "काढ. पण नंबर लाव. त्या गाडीवानाच्या बायकोच्या मांगं."

गाडीवानाच्या बायकोनं आपली अर्धी भरलेली घागर उचलली आणि निघून गेली. माझी मान खाली गेली नाही. मी नंबरही सोडला नाही.

माझी पाळी आली. यवतमाळच्या विहिरी खोल असतात हे मला कुठं ठाऊक! आमच्या गावचा दोर निम्म्यातच संपला. मामानं जिनिंगमधून एक दोराचा तुकडा आणला आणि गाठ मारायला पुढं झाला. "मले येते," मी म्हटलं आणि गाठ मीच मारली. बालटी खाली गेली, बुडाली, भरली. मी ओढू लागले. अर्ध्यावर हात एकदम हलके झाले, खालून धप्पकन आवाज आला आणि वर आलं ते नुसतं दोराचं टोक.

सगळ्या विहिरीत वाकून पाहू लागल्या. मायची चुंबळ माझ्या डोळ्यांपुढं आली. ती तर नुसती चिंधी होती. ही तर आमची आख्खी बालटी त्यांच्या पिण्याच्या पाण्यात गेली होती. तुळसाबाई ओट्यावरून उठल्या आणि माझ्याकडे चालत आल्या. मी पाय रोवून उभी राहिले.

"अशी गाठ मारतेत काय वं, पोट्टे?" त्या कडाडल्या. "मास्तरीण होऊन राह्यली अन् साधी गाठ येत नाई? लेकरायले काय शिकवशीन? गळ आणा गं कोणी!"

विहिरीत पडलेली भांडी काढायचा आकड्यांचा गळ आला. पाळीपाळीनं सगळ्यांनी खाली फिरवून पाहिला. एक पळी निघाली. एक पितळी लोटा निघाला, तर शिंप्याची बायको ओरडली, "अगं, हा तं माह्या लग्नातला!" आणि तिनं तो छातीशी धरला. आमची बालटी मात्र निघेना.

"गाळात रुतली," तुळसाबाई म्हणाल्या. "पुढच्या उन्हाळ्यात गाळ काढाचा हाये, तवा निघन. तवरोक माही वापर. अन् गाठ शिकून घेजो माह्यापासून." त्यांनी आपली बालटी विहिरीत सोडली, ओढायला दोर माझ्या हातात दिला आणि त्याच पाण्यानं आपला तांब्या भरून मला प्यायला दिला. मी प्याले. बाया पुन्हा पाणी भरू लागल्या. दिवस मावळता मावळता गाडीवानाची बायकोही घागर घेऊन आली, माझ्याकडे न पाहता पाणी भरून गेली. दुसरी विहीर लांब होती.

खोली तेवढ्यात पाहून घेतली. चूल मांडायला कोपरा होता, खिडकी एकच आणि भिंत धुरानं काळी झालेली. मी हो म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या मोटारीत तोच कंडक्टर होता. "बालटी विकली काय?" त्यानं विचारलं. त्याला तिकिटाएवढं थोडक्यात सांगता येईल असं ते नव्हतं. आदल्या दिवशी निघताना मी मोठ्या तोऱ्यात निघाले होते, जणू शहराची परीक्षा मीच घेणार. शहर माझ्या परीक्षेत कुठं नापास झालं, कुठं पास झालं, पण गाठीच्या परीक्षेत नापास झाले ती मीच. आणि ती जाडी बाई मला जे टाकून बोलली, त्यानं मला इतका आनंद का झाला होता, हे फुलसावंगी येईस्तोवर मला नीट कळलं. ती आपल्या सुनेलाही तसंच बोलली असती.

माय दारातच उभी होती. तिनं आधी माझे हात पाहिले.

"बालटी कुठं हाये?"

काल दिवसभर न घाबरलेली मी आता घाबरले. विहिरीत पडली, गाळात रुतली, पुढच्या उन्हाळ्याशिवाय निघत नाही, असं एका दमात सांगून टाकलं.

"विहीर उपसली त्यायनं?"

"नाई."

"कोणीच नाई काही बोललं?"

"एक बाई उठून गेली. सांजेले तिथंच पाणी भराले आली. बाकी साऱ्या भरतच होत्या. मालकीण तेवढी गाठीवरून रागावली मले."

मायनं पदरानं डोळे पुसले आणि तशीच आत गेली. खोली किती मोठी, उजेड कसा, यातलं तिनं काहीच विचारलं नाही. मी आत पाहिलं तर ती फळीवरून एकेक भांडं खाली काढत होती.

"तू काय उभी हाये?" ती म्हणाली. "आपली बालटी तिथं राह्याले गेली, अन् आपण इथं काय करून राह्यलो?"