टगचा हूक

तलावात गुडघाभर पाण्यात काकू दोरी धरून उभ्या होत्या. दोरीला जहाजाच्या जागी एक ओंडका होता आणि ओंडक्याला हातभर लांबीची टगबोट बांधलेली होती. मोठ्या जहाजांना बंदरात ओढून आणणाऱ्या टगची ही प्रतिकृती. काका काठावर रिमोट घेऊन बसले होते. त्यांचा जन्म टग चालवण्यात गेला.

त्यांचा मुलगाही टगवरच होता. जहाज एकाएकी वळलं, दोराने टग आडवी खेचली गेली आणि उलटली. तो आतच राहिला. दोराचा हूक त्याने वेळेत सोडला नाही, असं चौकशीत ठरलं. "मी असतो तर सोडला असता," असं काकाही म्हणत. ते पडताळायला त्यांनी वर्षभर खपून ही टग केली. तिचा हूक रिमोटच्या बटणाने सुटतो.

"ओढ गं."

काकूंनी दोरी खेचली. टग उलटली, मग हूक सुटला. असं पाच वेळा झालं.

चौकशीत एकेक क्षण सावकाश तपासता येतो. त्या क्षणात सापडलेल्या माणसाला तो तेवढा लांब मिळालेला नसतो.

सहाव्यांदा काकूंनी दोरी सोडून दिली.

"ओढ म्हणून तुम्हीच सांगता, तरी बोट पोचत नाही तुमचं बटणावर. त्याला कोण होतं सांगायला?"

लहान प्रतिकृती खऱ्या टगपेक्षा फार लवकर उलटते. काकांना हे पक्कं माहीत होतं. सांगण्यासारखी सबब होती ती, पण त्यांनी सांगितली नाही.